सड्यावरची नऊ मडकी : प्रकल्प नोंदी

५ जून २०२४

पुण्यातील एका कलादालनाने जानेवारीतल्या सामूहिक प्रदर्शनासाठी नऊ मोठी भांडी मागितली असून, विषय म्हणून पत्रात ‘निसर्गातून प्रेरणा’ एवढे दोनच शब्द लिहिले आहेत. हे शब्द मी स्वतःच्या माहितीपत्रकातही अनेक वर्षे वापरत आले, त्यामुळे तक्रार करण्याचा मला अधिकार नाही. तरीही ते वाचून कानकोंडे झाल्यासारखे वाटले, कारण गेली आठ वर्षे या शब्दांचा माझ्या कामातला प्रत्यक्ष अर्थ एवढाच होता की ओल्या मातीच्या पाटीवर फणसाचे किंवा नेच्याचे पान ठेवायचे, वरून लाटणे फिरवायचे, पान उचलायचे आणि उमटलेल्या शिरांमध्ये आयर्न ऑक्साइड भरायचे. अशा बश्या विकल्या जातात, त्यांवर घरखर्च चालतो आणि त्यात वाईट काही नाही. पण त्यांतले बरेचसे काम पानाने केलेले असते.

या प्रकल्पापुरता नियम असा, की एकही ठसा उमटवायचा नाही, फूल किंवा शिंपला चिकटवायचा नाही आणि साहित्य शक्य तितके स्टुडिओपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावरचे घ्यायचे. मातीचे मूळ मिश्रण मात्र नेहमीचे स्टोनवेअरचेच, म्हणजे जास्त तापमानाला भाजायच्या टणक भांड्यांचे राहील : बॉल क्ले, चिनी माती, फेल्डस्पार, क्वार्ट्झ आणि थोडी ग्रॉग, म्हणजे भाजलेल्या मातीची भरड. भांड्यांची कच्ची उंची ५० सेंटिमीटर धरली आहे. वाळताना आणि भाजताना मिळून या मातीचे आकुंचन सुमारे १२ टक्के होते, म्हणजे भट्टीतून बाहेर येताना उंची ४४ सेंटिमीटरच्या आसपास भरेल.

११ जून

मृगाचा पाऊस लागून चार दिवस झाले, म्हणून सकाळी पाखाडी चढून सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर गेले. मे महिन्यात ज्या कातळावर अनवाणी पाऊल टाकवत नाही, तो आज काळपट, निसरडा आणि जागोजागी पाण्याने भरलेला होता. वरचा पापुद्रा काळा, पण जिथे कुणी पहार मारली आहे तिथे आतला रंग ताज्या जखमेसारखा लाल दिसतो. सावंतवाडी तालुक्यात घरे ज्या चिऱ्यांनी बांधली जातात, तो हाच जांभा.

जांभा कसा तयार होतो हे शाळेत भूगोलात शिकले होते. पण कुंभारकाम करणाऱ्याने त्याकडे वेगळ्या नजरेने पाहायला हवे. मूळ खडकातली सिलिका, चुना, पोटॅश आणि सोडा लाखो वर्षांच्या पावसाने विरघळून वाहून गेले आणि मागे मुख्यतः लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे उरली. ग्लेझची, म्हणजे भांड्यावरच्या चकाकत्या लेपाची, काच ज्या सिलिकेपासून बनते आणि ज्या क्षारांमुळे ती वितळते, ते सगळे पावसाने नेले. आमच्यासाठी ठेवला तो नुसता रंग आणि आचेत न वितळणारा नुसता ताठपणा. या जांभ्याला त्याची गेलेली काच परत मिळवून देता येईल का, असा प्रश्न वहीत लिहून ठेवला आहे.

बंद पडलेल्या चिरेखाणीच्या कडेला चिरे कापताना पडलेला भुसा पावसाने अजून धुऊन नेलेला नव्हता. त्यातला दोन घमेली आणला.

१९ जून

जांभ्याचा भुसा भिजवला, ढवळला, खडे बुडाशी बसू दिले आणि वरचे लाल पाणी ८० नंबरच्या चाळणीतून गाळले. निवळायला तीन दिवस लागले. खाली उरलेला लगदा तव्यावर वाळवून घेतला, कारण या हवेत तो आपणहून वाळणे शक्यच नाही.

मूळ मातीत हा जांभा ०, ५, १०, २० आणि ३० टक्के मिसळून प्रत्येकी तीन चाचणीपट्ट्या केल्या आणि आकुंचन मोजण्यासाठी प्रत्येकीवर १० सेंटिमीटरची रेघ ओढली.

२७ जून

पट्ट्या आठ दिवसांत वाळल्या नाहीत. स्टुडिओतली आर्द्रता सकाळी ९४ टक्के होती. पंखा लावला की कडा आधी वाळतात आणि मध्य ओला राहतो, त्यामुळे पट्ट्या होडीसारख्या वाकतात.

कुंभारवाड्यातले आबा वाटेवर भेटले, त्यांना हे सांगितले. त्यांच्याकडे पावसाळ्यात आवा पेटत नाही. जून ते सप्टेंबर ते शेती करतात आणि चवथीच्या आधी गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, हाताला हात लावतात. “बाय, मातयेक घाई चालणा नाय,” एवढेच ते म्हणाले आणि छत्री सांभाळत निघून गेले. मला मात्र जानेवारीची तारीख आहे. शेवटी पट्ट्या स्वयंपाकघरात चुलीवरच्या शिंकाळ्यात ठेवल्या.

४ जुलै

सड्यावर दीपकाडी फुलली आहे. कोकणातल्या कातळसड्यांवर येणारी ही पांढऱ्या फुलांची कंदवर्गीय वनस्पती पावसाच्या सुरुवातीला थोडेच दिवस दिसते आणि फुलांचे दिवस सरले की ती इथे होती हे सांगूनही खरे वाटत नाही. वही घेऊन गेले होते, पण फुलाची दोन रेखाटने करून थांबले, कारण हात सवयीने लगेच नक्षीकडे वळू लागला होता.

त्यापेक्षा जास्त वेळ कातळातल्या खळग्यांपाशी गेला. टाचेएवढ्या खोलगट जागेत पाणी साचते, उघडीप मिळाली की थोडे आटते, पुन्हा भरते, आणि प्रत्येक वेळी काठावर गाळाची एक बारीक कडा सोडून जाते. एका खळग्यात अशा सहा कडा मोजल्या. सर्वांत बाहेरची राखाडी, मग तपकिरी, मग शेवाळी आणि पाण्यालगतची जवळजवळ काळी. जाड थर वेगळा दिसतो आणि पातळ थर वेगळा, हे ग्लेझच्या बाबतीत रोज पाहते. कातळावर ते पहिल्यांदा पाहिले.

१२ जुलै

पट्ट्यांची भट्टी उघडली. तापमान कोन ९ (ठरावीक आचेला वाकणारा मातीचा सुळका) वाकेपर्यंत, म्हणजे साधारण १२७० अंश सेल्सिअसपर्यंत नेले होते आणि भट्टीत ऑक्सिजन मुद्दाम कमी ठेवला होता. ५ टक्क्यांची पट्टी उत्तम, रंग भाजलेल्या नाचणीच्या भाकरीसारखा. १० टक्क्यांच्या पट्टीवर बारीक फोड आले. २० टक्क्यांची पुरीसारखी फुगली आणि ३० टक्क्यांची तर शेल्फवर आडवी पडून गुळाच्या खड्यासारखी चकाकत होती.

कारण समजण्यासारखे आहे. ऑक्सिजन कमी पडला की लाल लोह ऑक्साइडमधला काही ऑक्सिजन निघून जातो आणि उरलेले फेरस ऑक्साइड मातीला वितळवायला लागते; पृष्ठभाग मिटत असतानाच आत वायू तयार होत राहिला तर फोड येणारच. जांभा ताठ असेल हा माझा अंदाज निम्माच खरा निघाला, कारण त्यातले ॲल्युमिना ताठ असले तरी लोहाने फितुरी केली. निर्णय असा घेतला, की मातीत जांभा ५ टक्केच मिसळायचा आणि उरलेला चिनी माती व फेल्डस्पारबरोबर कालवून भांड्यांवर बाहेरून स्लिप, म्हणजे पातळ मातीचा लेप म्हणून लावायचा.

२२ जुलै

आज काम झाले नाही, पण ही नोंद मोठी होणार आहे.

सकाळी पावसाने उघडीप दिली आणि स्टुडिओच्या उत्तरेकडील खिडकीच्या चौकटीवर एका कुंभारीण माशीने घर बांधायला घेतले. हिची घरे मी लहानपणापासून पाहत आले आहे. आजी ती झाडूने पाडू देत नसे. पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत बांधकाम पाहायला मी कधी बसले नव्हते. माशी काळी-पिवळी, कंबर सुईसारखी. ती पोटातल्या पिशवीत पाणी भरून आणते, अंगणातल्या कोरड्या मातीवर ते ओकते, जबड्याने माती मळते आणि मुगाच्या दाण्याएवढी गोळी करून चौकटीवर येते. मग ती गोळी जबडा आणि पुढचे पाय यांच्या चिमटीत धरून मागे मागे सरकत पट्टीसारखी दाबत जाते. हे करताना तिच्या मिशा एकसारख्या भिंतीच्या आतून आणि बाहेरून फिरत असतात. आम्ही भिंतीची जाडी अंगठा आणि तर्जनीत धरून जोखतो, अगदी तसे.

पावणेदहा ते बारा या वेळात मी २६ फेऱ्या मोजल्या. भांडे दीड सेंटिमीटरचे, पोट गोल, आणि शेवटच्या तीन गोळ्यांत तिने बाहेर वळलेली मान काढली. ती मान पाहून मी खरोखर उठून उभी राहिले. चाकावर ओलेत्या मानेला असा काठ काढताना हात किती हलका ठेवावा लागतो, हे मला माहीत आहे.

बाहेरून भांडे मुळीच गुळगुळीत नव्हते. प्रत्येक गोळीची सीमा माशाच्या खवल्यासारखी स्पष्ट दिसत होती, कारण बाहेरून घोटण्याचे तिला काही कारण नाही. नंतर तिने आत छताला एका धाग्याने अंडे टांगले असणार. ते मला दिसले नाही, पण या जातीची तशी रीत आहे. दुपारी ती हिरव्या अळ्या आणून मानेतून आत कोंबू लागली. अळ्या डंखाने लुळ्या झालेल्या असतात, मेलेल्या नसतात, म्हणजे पिल्लाला अन्न ताजे मिळते. चौथ्या अळीनंतर तिने तोंड लिंपून टाकले आणि निघून गेली. एवढी सुंदर मान चार अळ्यांपुरतीच वापरली गेली.

वळ्यांनी भांडी रचण्याचा बेत रद्द. गोळ्यांनी रचायची.

२ ऑगस्ट

सुपारीएवढ्या गोळ्या करून, एकेक दाबत आणि मागे सरकत तीन भांडी एकदम चालवली. आतून गोल दगडाचा आधार आणि अंगठ्याने बाहेरचा दाब. गोळ्यांच्या सीमा बाहेर तशाच ठेवल्या, आतून मात्र रबराच्या पट्टीने घोटून घेतले. पहिल्या दिवशी २० सेंटिमीटर उंची झाली आणि मी फार खूश होते.

आज तिन्हींवर सीमारेषांच्या बाजूने आडव्या भेगा आहेत. एकाची तर वरची कडा बांगडीसारखी सुटून हातात आली.

१४ ऑगस्ट

चूक मातीची नव्हती, वेळेची होती. तीन भांडी आलटून पालटून चालवल्यामुळे प्रत्येकाची कडा पुढची गोळी येईपर्यंत कडक होत होती. कडक कडेवर मऊ गोळी लावली की नवी गोळी जास्त आकसते, जुनी आकसत नाही आणि जोड सुटतो. माशीच्या २६ फेऱ्यांची वेळ मी लिहून ठेवली होती, ती पुन्हा काढून पाहिली. सरासरी पाच मिनिटांनी एक गोळी, म्हणजे तिची कडा कधी कोरडी पडतच नाही. ही आकडेमोड माझ्याच वहीत तीन आठवडे पडून होती, याचा थोडा राग आला.

तिच्या भांड्याला स्वतःच्या वजनाने बसण्याची भीती नाही, माझ्या भांड्याला आहे; म्हणून खालची भिंत थोडी आवळेपर्यंत वरच्या कडेला ओले फडके गुंडाळून ठेवायचे आणि एका वेळी एकच भांडे करायचे, असे ठरवले. एका भांड्याला चार दिवस आणि सुमारे ३४० गोळ्या लागतात. गोळ्या मोजणे हा वेडेपणा आहे हे मान्य आहे, पण मोजल्या की हात सैल पडत नाही.

२६ ऑगस्ट

खिडकीतल्या घराच्या कुशीला एक गोल भोक पडले आहे. मान बुजवलेलीच आहे. आतला कीटक नेहमी भिंत कुरतडूनच बाहेर येतो. भोकाच्या काठावर बसलेली माशी मात्र काळी-पिवळी नव्हती, तर मोरपिसासारखी हिरवी-निळी आणि धातूसारखी चकाकणारी होती. ही कुंभारणीच्या घरात गुपचूप अंडे घालणारी परोपजीवी जात. एवढे सगळे बांधकाम आणि चार अळ्या हिच्यासाठी झाल्या.

तो रंग ग्लेझमध्ये आणण्याचा मोह पाच मिनिटे झाला. कॉपर आणि कोबाल्टच्या बरण्या फळीवरच आहेत. पण चालत जाण्याच्या अंतरावर कोबाल्ट नाही.

५ सप्टेंबर

परवा चवथ. काम बंद. सात भांडी पूर्ण झाली असून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवली आहेत.

२१ सप्टेंबर

भातगिरणीतून तुसाची चार पोती आणली. गिरणीवाल्या काकांनी पैसे घेतले नाहीत, पण तूस नेमके कशाला हवे हे दोनदा विचारले आणि दोन्ही वेळा माझ्या उत्तराने त्यांचे समाधान झाले नाही.

तुसाची राख हे मला या प्रकल्पातले सर्वांत आवडते साहित्य वाटू लागले आहे. भात जमिनीतली विरघळलेली सिलिका मुळांवाटे वर ओढते आणि तुसात साठवते. तुसाच्या राखेत सुमारे ९० टक्के सिलिका असते. ११ जूनच्या नोंदीतल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा हेच आहे. सड्यावरचे पाणी उतरते ते खालच्या मळ्यांतच, आणि मळ्यांत भात असते. जांभ्याने गमावलेली काच तुसाच्या पोत्यात भरून परत स्टुडिओत आली, असे म्हणण्यात थोडी कविता आहे हे मला कळते; पण रसायनशास्त्र तिला विरोध करत नाही.

तूस पत्र्यावर पसरून मंद आचेवर दोन दिवस धुमसवले. वरची राख पांढरी, आतली काळी राहिली. काळ्यातला कार्बन भट्टीत जळून जाईल. चुलीतली काजू आणि आंब्याच्या लाकडाची राख वेगळी जमवली आहे. तिच्यातल्या चुन्यामुळे सिलिका वितळेल. लाकडाची राख पाण्यात कालवल्यावर ते पाणी साबणासारखे बुळबुळीत होते आणि हाताची साल काढते, म्हणून हातमोजे घालायचे; तुसाची राख चाळताना मास्क लावायचा, कारण सिलिकेची धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. हे इथे लिहिते आहे, कारण मागच्या वर्षी मी दोन्हींचा कंटाळा केला होता.

१२ ऑक्टोबर, दसरा

चाक, तारा, पट्ट्या आणि आबांनी दिलेले जुने थापटणे यांची पूजा केली. दहावे भांडे काल पूर्ण झाले. एक जास्तीचे करून ठेवले आहे. दुपारनंतर काहीच केले नाही.

२७ ऑक्टोबर

बिस्क भट्टी, म्हणजे ग्लेझ लावण्याआधीची पहिली भाजणी, ९५० अंशांपर्यंत. रात्रभर बारीक ज्योत ठेवली होती, तरी पहाटे आतून फटाक्यासारखा आवाज आला. चौथ्या भांड्याचे बूड दोन सेंटिमीटर जाड राहिले होते. त्यातल्या ओलीची वाफ झाली आणि तिला वाट मिळाली नाही. त्याचे तुकडे दोन शेजाऱ्यांवरही उडाले, पण ते वाचले. राहिली नऊ, म्हणजे मागितली होती तितकीच. आता जास्तीचे एकही नाही.

१७ नोव्हेंबर

ग्लेझच्या चौदा चाचण्या झाल्या. पुण्याच्या निर्मला पटवर्धन ग्लेझच्या संशोधनासाठी ओळखल्या जात; त्यांच्यासारखी चिकाटी माझ्यात नाही, चौदाव्या पाटीला माझा जीव जातो. चालले ते मिश्रण असे : लाकडाची राख ३५ भाग, फेल्डस्पार ३५, तुसाची राख २२ आणि चिनी माती ८. जांभ्याच्या स्लिपवर पातळ लावले तर ते पारदर्शक होऊन खालचा तपकिरी दाखवते आणि जाड लावले तर दुधाळ, किंचित निळसर होते. जपानी कुंभार भाताच्या तुसापासून असे दुधाळ ग्लेझ फार पूर्वीपासून करत आले आहेत. मी नवे काही शोधलेले नाही, फक्त स्लिप आणि तूस दोन्ही एकाच डोंगराच्या उतारावरची आहेत.

८ डिसेंबर

ग्लेझ भट्टी. सकाळी साडेपाचला पेटवली. ९५० अंशांनंतर डँपर, म्हणजे धुराड्याची झडप, अर्धा ढकलून भट्टीत ऑक्सिजन कमी केला. निरीक्षणाच्या भोकातून वीतभर जिभेसारखी ज्योत बाहेर येऊ लागली. दुपारी गॅसच्या दोन्ही सिलिंडरांवर बर्फ धरला आणि दाब उतरला, तेव्हा त्यांना पाण्याच्या टबात उभे केले. ११८० ते १२२० अंश या टप्प्याला तीन तास लागले. रात्री साडेनऊला कोन ९ वाकला. डोळ्यांना काळा चष्मा असूनही त्या भोकातून पाहिले की भांडी दिसत नाहीत, नुसता उजेड दिसतो.

१० डिसेंबर

भट्टी ८० अंशांवर असताना दार काढले, म्हणजे थोडी घाई झालीच. तीनदा टणक असा आवाज आला आणि पोटात गोळा आला, पण तो ग्लेझला पडणाऱ्या बारीक तड्यांचा होता.

गोरोबाकाकांनी थापटण्याने एकेका संताचे डोके तपासले, तसे एकेक भांडे बोटाच्या पेराने वाजवून पाहिले. सहा भांडी घंटेसारखी वाजली. सातवे बद्द वाजले. बुडाशी केसाएवढी भेग. आठव्याचे ग्लेझ ओघळून ते शेल्फला चिकटले आणि छिन्नीने सोडवताना पायाचा टवका गेला. नववे नीट आहे, पण त्यावर ग्लेझ पातळ बसल्याने ते सगळेच तपकिरी झाले आणि मला ते आवडत नाही.

उरलेल्या सहांकडे मात्र संध्याकाळपर्यंत पाहत बसले. गोळ्यांच्या कडा उंच असल्याने ग्लेझ त्यांच्यावरून सरकले आणि तिथे जांभा उघडा पडला. दोन गोळ्यांमधल्या खोलगटीत तेच ग्लेझ साचून दुधाळ निळे झाले, आणि त्या साचण्याभोवती एक राखाडी आणि एक तपकिरी अशा बारीक कडा आल्या. ४ जुलैची वही उघडून शेजारी ठेवली. सड्याचे चित्र काढायचे मी ठरवले नव्हते, खळगे करायचेही ठरवले नव्हते. गोळ्या दाबल्या, बाहेरून घोटल्या नाहीत आणि वरून ग्लेझ ओतले, एवढेच.

आबांना एक भांडे दाखवायला नेले. त्यांनी ते उचलून वजन पाहिले, आत हात घालून भिंत चाचपली, वाजवले आणि म्हणाले, “भायल्यान घोटूक इसारलंस काय?” मी माशीची गोष्ट सांगितली. त्यांनी पुन्हा एकदा भिंतीवरून अंगठा फिरवला, पण भांडे खाली लवकर ठेवले नाही.

६ जानेवारी २०२५

दालनाला सहाच भांडी पाठवत असल्याचे कळवले. त्यांनी उरलेल्या तीन जागांसाठी पानांच्या ठशाच्या बश्या मागितल्या, मी नाही म्हटले. नावाच्या पट्टीवर ‘निसर्गातून प्रेरणा’ याऐवजी साहित्य लिहून दिले आहे : स्टोनवेअर, जांभा, भाताचे तूस, काजू आणि आंब्याच्या लाकडाची राख.

भांडी तुसातच भरून पेट्यांत बसवली. चार पोत्यांतले सव्वा पोते शिल्लक होते, ते सगळे लागले. खिडकीच्या चौकटीवरचे घर भोकासकट तसेच आहे. रंगारी आला तर त्याला ते पाडू नको म्हणून खडूने बाजूला बाण काढून ठेवला आहे.